रात्रनिवारा बांधायचा की थेट कायमची घरं द्यायची? ग्रुपमधे एकमत होत नाहीये

वाटसरू:
नमस्कार मंडळी, प्रश्न जरा लांबलचक आहे पण शेवटपर्यंत वाचा. आम्ही काही मित्रमैत्रिणी मिळून रस्त्यावर राहणाऱ्या लोकांसाठी काम करतो, जेवण देणं, पांघरुणं वाटणं, कोणी आजारी पडलं तर दवाखान्यात नेणं असं जमेल ते. आता एका देणगीदारांनी बऱ्यापैकी मोठी रक्कम देऊ केलीये आणि त्यावरून ग्रुपमधे सरळ दोन तट पडलेत. एका बाजूचं म्हणणं, मोठा हॉल घेऊ, खाटा टाकू, पहिल्याच रात्री जास्तीत जास्त माणसं छपराखाली येतील. दुसरी बाजू म्हणते की ही नुसती मलमपट्टी झाली, वर्षानुवर्षं तीच माणसं त्याच खाटांवर दिसणार, त्यापेक्षा तोच पैसा छोटी घरं भाड्याने घेण्यात घालू आणि थोड्याच लोकांना का होईना पण कायमचं घर देऊ.

मला मनापासून दुसरं पटतंय पण मीटिंगमधे प्रश्न आले की माझी बोलती बंद होते. जो दारू सोडायला तयार नाही त्याच्या हातात घराची चावी कशी द्यायची, थोड्यांना घर दिलं तर बाकीच्यांना काय तोंड दाखवायचं, भाडं किती वर्षं भरत राहायचं, आणि मुख्य म्हणजे हे कुठे खरोखर जमलंय का. ज्यांनी यात काम केलंय किंवा नीट अभ्यास केलाय त्यांनी प्लीज लिहा. नुसतं चांगलं वाटेल असं नको, अडचणी पण सांगा.

उंबरठा:
वाटसरू दादा, मी बरीच वर्षं केस मॅनेजर आहे, लोकांना रस्त्यावरून घरात आणणं आणि ते घर टिकवायला मदत करणं हेच माझं रोजचं काम. त्यामुळे दारूच्या प्रश्नापासूनच सुरू करते.

जुनी पद्धत पायऱ्यापायऱ्यांची होती. आधी शेल्टरमधे ये, मग व्यसन सोड, मग औषधं नियमित घे, मग तात्पुरत्या हॉस्टेलमधे राहून दाखव, आणि हे सगळं जमलं तर शेवटी घर. ऐकायला बरोबर वाटतं पण प्रत्येक पायरीवर माणसं गळतात, आणि गळतात ती नेमकी जास्त आजारी असलेली. सॅम त्सेम्बेरिस नावाचे मानसशास्त्रज्ञ न्यूयॉर्कमधे रस्त्यावरच्या मानसिक रुग्णांसाठी काम करायचे, त्यांना दिसायचं की ज्याला हॉस्पिटलमधे भरती केलं तोच काही दिवसांनी परत त्याच कोपऱ्यावर बसलेला. १९९२ मधे त्यांनी पाथवेज टू हाउसिंग ही संस्था काढली आणि क्रमच उलटा केला, आधी स्वतःच्या नावावर भाड्याचं घर आणि मग बाकीची मदत, तीही त्या माणसाला हवी तेवढी. अटी दोनच होत्या, उत्पन्नाच्या साधारण ३० टक्के भाडं द्यायचं आणि टीमला ठरलेल्या वेळी घरी येऊ द्यायचं. २००० साली त्यांनी पाच वर्षांचा हिशेब छापला, त्यांच्याकडचे ८८ टक्के लोक घरात टिकून होते आणि शहरातल्या नेहमीच्या पद्धतीत ४७ टक्के.

आता आकड्यांच्या मागे काय असतं ते सांगते. डायबेटिस असलेला माणूस रस्त्यावर इन्सुलिन ठेवणार कुठे? फ्रिज नाही, सुया चोरीला जातात, फोन चार्ज नसल्यामुळे डॉक्टरची तारीख चुकते. मग शुगर बिघडून थेट अँब्युलन्स, हॉस्पिटल, आणि डिस्चार्ज पुन्हा त्याच फुटपाथवर. घर मिळालं की फ्रिजच्या दारात इन्सुलिन राहतं, हॉस्पिटलचं पत्र पत्त्यावर येतं, नर्सला माहीत असतं की हा माणूस कुठे भेटेल. व्यसनाचं पण तेच. रात्री कोणी मारेल, सामान नेईल या धास्तीने जो जागा राहण्यासाठी किंवा उलट थंडी विसरण्यासाठी काहीतरी घेतो त्याला रस्त्यावर असताना सोड म्हणणं फार सोपं आहे. घरात आल्यावर सगळेच सोडतात असं अजिबात नाही, पण सोडायचा विचार करण्याइतकी झोप तरी मिळते.

आणि चावी दिल्यानंतरचे पहिले काही महिने फार नाजूक असतात हे तुमच्या ग्रुपला आधीच सांगून ठेवा. पलंग असूनही बरेच जण दाराजवळ जमिनीवर झोपतात, पायात बूट तसेच, सामान पिशवीत बांधून उशाला आणि रात्रभर लाइट चालू. शांतता सहन होत नाही म्हणून दिवसा परत जुन्या जागी जाऊन बसतात. जुने सोबती घरात येऊन राहतात आणि त्यांना नाही म्हणता येत नाही, त्यातून भांडणं आणि शेजाऱ्यांच्या तक्रारी. या काळात आठवड्यातून दोन तीनदा कोणीतरी जाऊन बसायला हवं, गॅस कसा पेटवायचा इथपासून ते वीजबिल कसं भरायचं इथपर्यंत. हे माणूसबळ नसेल तर घर देऊ नका असंच मी म्हणेन.

आकडेमोड:
उंबरठा ताईंशी सहमत. कुठे जमलंय या प्रश्नाला मी उत्तर देतो कारण यावर बरंच वाचून झालंय.

सगळ्यात ठळक उदाहरण फिनलंडचं. १९८७ मधे तिथे १८ हजारांच्या आसपास बेघर माणसं होती, २०२३ मधे साडेतीन हजारांच्या आत. आणि लक्षात घ्या की ते लोक नातेवाइकांकडे किंवा मित्रांकडे तात्पुरते पडून राहिलेल्यांनाही बेघर धरतात, किंबहुना त्यांच्या मोजणीत बहुतेक तेच असतात, प्रत्यक्ष रस्त्यावर झोपणारे खूप कमी. २००८ मधे सरकार, मोठी शहरं आणि संस्था यांनी मिळून दीर्घकाळ बेघर असलेल्यांसाठी कार्यक्रम सुरू केला आणि त्यात वाटसरूंच्या ग्रुपसारखाच प्रश्न आला होता, की जुन्या शेल्टरांचं करायचं काय. त्यांनी शेल्टरच घरांमधे बदलले. राजधानी हेलसिंकीत साल्वेशन आर्मी या ख्रिश्चन सेवाभावी संस्थेचा मोठा, सुमारे २५० खाटांचा निवारा होता, तो बंद करून त्याच इमारतीत सुमारे ८० छोटे फ्लॅट काढले, प्रत्येकाला स्वतःचं दार, स्वतःचा भाडेकरार आणि इमारतीतच मदतनीस. पूर्ण शहरात २००८ मधे ५५० च्या आसपास शेल्टरच्या खाटा होत्या त्या २०१६ पर्यंत ५० च्या आसपास आल्या. म्हणजे थोड्या खाटा त्यांनीही ठेवल्या, अचानक रात्री बाहेर पडावं लागलेल्यांसाठी. दुसरीकडे वाय फाउंडेशन नावाची संस्था १९८५ पासून बाजारातले सुटे सुटे फ्लॅट विकत घेऊन भाड्याने देतेय, म्हणजे शेजाऱ्याला कळतही नाही की या दाराआड कोण आधी बेघर होतं. आज त्यांच्याकडे १८ हजारांच्या आसपास घरं आहेत.

दुसरं, कॅनडाचा प्रयोग, कारण तो नीट चिठ्ठ्या टाकून केलेला होता. २००९ ते २०१३, व्हँकुव्हर, विनिपेग, टोरंटो, माँट्रियाल आणि माँक्टन अशी पाच शहरं, मानसिक आजार असलेली दोन हजारांहून जास्त बेघर माणसं, काहींना आधी घर आणि काहींना शहरात जे मिळतं ते. शेवटच्या सहा महिन्यांत पहिल्या गटातले ६२ टक्के लोक पूर्ण वेळ घरात होते, दुसऱ्या गटात ३१ टक्के.

आता वाटसरूंनी अडचणी मागितल्यात तर त्या पण ऐका. याच प्रयोगात व्यसन कमी होण्याच्या बाबतीत दोन गटांत फारसा फरक दिसला नाही. दोन्हीकडे थोडी सुधारणा झाली, बस. त्यामुळे "घर दिलं की दारू सुटते" असं मीटिंगमधे कृपया सांगू नका, कोणीतरी हा रिपोर्ट काढून दाखवेल आणि सगळ्या मुद्द्यावर पाणी पडेल. सरळ सांगा की घर हे बेघरपणावरचं उत्तर आहे आणि व्यसनावर उपचार वेगळे लागतात. तसंच खर्चाचं. ज्या १० टक्के लोकांवर हॉस्पिटल, पोलीस, अँब्युलन्स असा सगळ्यात जास्त खर्च होत होता त्यांच्या बाबतीत या कार्यक्रमावर घातलेल्या दर १० डॉलरमागे २१ डॉलर ७२ सेंट वाचले. बाकीच्यांच्या बाबतीत एवढी बचत नव्हती, निव्वळ खर्च होता. मला वाटतं तो करण्यालायक खर्च आहे, पण फुकटात होतं असा समज करून देऊ नये.

सडेतोड:
माझा विरोध नाही, पण दुसरी बाजू कोणीतरी मांडायला हवी म्हणून लिहितोय.

एक, भाडं वेळेवर भरण्यासाठी दोन दोन नोकऱ्या करणारी कुटुंबं असतात, त्यांना काय वाटेल की शेजारच्या फ्लॅटमधे आलेल्या माणसाला कुठलीच अट नाही? ही चीड खोटी नसते आणि तिला हलक्यात घेतलं की सोसायटीच विरोधात उभी राहते. दोन, घरमालक. एकदा फ्लॅटची नासधूस झाली की तो माणूस तर परत देणार नाहीच, त्याच्या ओळखीतले दहा जणही देणार नाहीत. तीन, मोठमोठे दावे. अमेरिकेतल्या युटा राज्याने २०१५ मधे सांगितलं की दहा वर्षांत दीर्घकाळ बेघर असणाऱ्यांची संख्या ९१ टक्क्यांनी कमी झाली. जगभर कौतुक झालं. नंतर जाणकारांनी खोदून बघितलं तर मोजायची पद्धतच मधे बदललेली, घट झाली होती पण एवढी नाही, आणि पुढच्या काही वर्षांत संख्या परत चढली. असं झालं की चांगल्या कामावरचाही विश्वास उडतो.

आणि शेवटी वाटसरूंचा मूळ प्रश्न तसाच आहे. हॉलमधे शंभर खाटा बसत असतील आणि तेवढ्याच पैशात दहा घरं होत असतील तर उरलेले नव्वद आज रात्री कुठे झोपणार? याचं उत्तर मला खरंच हवंय.

उंबरठा:
सडेतोड, तुमचे तिन्ही मुद्दे मी रोज ऐकते आणि तिन्हींत तथ्य आहे.

अट नाही असं नसतं. भाडेकरार असतो आणि तो सगळ्यांसारखाच असतो, भाडं द्यायचं, शेजाऱ्यांना त्रास द्यायचा नाही, नासधूस करायची नाही. फक्त "आधी सुधारून दाखव" ही जास्तीची अट नसते, जी तुमच्या माझ्यावर पण कोणी घालत नाही. करार मोडला तर घर जातं. पण टीम त्या माणसाला सोडत नाही, कुठे चुकलं ते बघून दुसरं घर शोधते, आणि माझा अनुभव असा की बरेच जण दुसऱ्या घरात नीट बसतात कारण पहिल्या वेळी कोणाला आत घ्यायचं आणि कोणाला नाही हे त्यांना कळलेलं असतं.

सोसायटीचं म्हणाल तर सगळ्यांना एकाच इमारतीत कोंबू नका. पाथवेजचा नियमच होता की एका इमारतीतल्या २० टक्क्यांपेक्षा जास्त घरं घ्यायची नाहीत. आणि घरमालकासाठी एक वेगळा राखीव निधी ठेवावा लागतो, नळ फुटला, दार तुटलं, एक महिना भाडं राहिलं तर त्यातून लगेच भरपाई. हा निधी आहे आणि एक फोन नंबर आहे जो रात्रीसुद्धा उचलला जातो, एवढं कळलं की मालकांचा सूर बदलतो. आमच्याकडे काही मालक तर स्वतःहून फोन करतात की फ्लॅट रिकामा होतोय, कोणी आहे का. पण हे वर्षभर शब्द पाळल्यावर झालं, पहिल्या महिन्यात नाही.

नव्वद जणांचं उत्तर माझ्याकडे अर्धंच आहे. आज रात्रीसाठी छप्पर लागतंच, थंडीपावसात माणसं मरतात, त्यामुळे शेल्टर नकोच असं मी कधीच म्हणणार नाही. पण शंभर खाटा टाकल्या आणि तिथून बाहेर पडायला घरच नसेल तर पहिल्या आठवड्यात त्या भरतात आणि मग एकशे एकावा माणूस परत फुटपाथवरच, वर त्या हॉलचा पगार, वीज, सफाई हा खर्च दरवर्षी तसाच. दहा घरांमुळे निदान दहा माणसं यादीतून कायमची कमी होतात आणि खाटा मोकळ्या होत राहतात.

नकाशा:
छान चाललीये चर्चा. मी थोडं वेगळ्या बाजूने लिहिते कारण शेल्टर की घर यावरच सगळे अडकलेत आणि माझ्या मते त्याच्याही आधीचं एक काम आहे, नावानिशी यादी.

अमेरिकेत २०१० ते २०१४ या काळात एक लाख घरांची मोहीम झाली होती, कम्युनिटी सोल्यूशन्स नावाच्या संस्थेने चालवलेली, रोझॅन हॅगर्टी त्या संस्थेच्या प्रमुख. पद्धत अशी की एखाद्या शहरातले व्हॉलंटियर लागोपाठ काही दिवस पहाटे, उजाडायच्या आत बाहेर पडायचे, कारण त्या वेळी माणूस जिथे झोपलाय तिथेच सापडतो, आणि प्रत्येकाला नाव, किती वर्षं बाहेर, कुठला आजार, गेल्या काही महिन्यांत हॉस्पिटलला किती वेळा जावं लागलं असं विचारायचे. मग ज्याचा जीव जास्त धोक्यात त्याला आधी घर. १८६ ठिकाणची शहरं आणि जिल्हे सामील झाले आणि शेवटी घर मिळालेल्यांचा आकडा १,०५,५८० वर गेला. मला यातली खरी ताकद वाटते ती ही की "बेघरांची समस्या" म्हटलं की सगळे हात टेकतात, पण "या एवढ्या लोकांची ही नावं" म्हटलं की प्रत्येकाबद्दल ठरवता येतं की पुढचं पाऊल काय.

तेच पुढे नेऊन इलिनॉयमधल्या रॉकफर्डने २०१५ मधे बेघर माजी सैनिकांचा आणि २०१७ मधे दीर्घकाळ बेघर असलेल्यांचा प्रश्न जवळजवळ शून्यावर आणला. शून्य म्हणजे कोणी कधी बेघर होतच नाही असं नव्हे, तर नवीन कोणी आलं तरी यंत्रणा त्याला पटकन घरात पोचवू शकते. त्यासाठी सगळ्या संस्था, हॉस्पिटल, सरकारी ऑफिस असे सगळे एका टेबलाशी बसून एकच यादी वाचतात. प्रत्येक संस्थेची वेगळी यादी असली की तोच माणूस चार ठिकाणी मोजला जातो आणि कोणाचाच नसतो. सडेतोड यांनी युटाचं लिहिलंय त्यावर हाच उपाय, वर्षातून एकदा अंदाजाने मोजण्याऐवजी चालू यादी ठेवा म्हणजे कोणी आकडा फुगवू शकत नाही.

ह्यूस्टन पण बघा. एकेकाळी तिथे बेघर माजी सैनिकाला घर मिळायला ७६ टप्पे पार करावे लागायचे आणि सरासरी ७२० दिवस लागायचे. शहर, काउंटी म्हणजे तिथलं जिल्हा प्रशासन आणि शंभराहून जास्त संस्थांनी एकत्र येऊन मधले टप्पे छाटले आणि ते दिवस महिन्याभरावर आणले. २०११ नंतरच्या दहा बारा वर्षांत तिथली बेघर लोकांची संख्या ६० टक्क्यांच्या आसपास कमी झाली. एखादी तंबूंची वस्ती हलवायची असेल तर आधी तिथल्या प्रत्येकाला घर देऊ करायचं आणि मगच जागा बंद करायची. आधी पोलीस पाठवून लोकांना हुसकायचं आणि मग शोधत फिरायचं ही पद्धत सोडली.

आणि एक गोष्ट कोणी बोललंच नाही म्हणून लिहिते. घरं कमी आणि भाडी अवाच्या सव्वा असतील तर तुम्ही एकाला आत घेईपर्यंत दुसरा बाहेर पडलेला असतो. वेस्ट व्हर्जिनियात ड्रग्जमुळे मरणाऱ्यांचं प्रमाण अमेरिकेत सगळ्यात जास्त असणाऱ्यांपैकी आहे, तरी तिथे बेघर लोकांचं प्रमाण कॅलिफोर्नियापेक्षा खूप कमी, कारण घरं स्वस्त आहेत. व्यसन आहे म्हणून बेघर एवढं सोपं ते नाही. फिनलंडमधे पण २०२४ ला बऱ्याच वर्षांनी पहिल्यांदा आकडा वाढून ३,८०० च्या आसपास गेला आणि त्याच वर्षी घरभत्त्यात कपात झालेली होती. म्हणजे हे काम एकदा केलं आणि झालं असं नाहीये, भाड्याला मदत आणि परवडणारी नवी घरं हे मागे मागे चालूच राहायला लागतं.

वाटसरू:
सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं कोणी लिहील असं वाटलं नव्हतं. यादीचा मुद्दा आमच्यात कोणालाच सुचला नव्हता, आम्ही जवळपास सगळ्यांना चेहऱ्याने ओळखतो पण निम्म्यांची नावं माहीत नाहीत, हे लिहितानाच वाईट वाटतंय.

एक शेवटचं विचारतो. देणगी एकदाच मिळणारे, दरवर्षी नाही. मग भाड्याचं वचन कसं द्यायचं? दोन वर्षांनी पैसे संपले आणि माणसाला परत बाहेर काढायची वेळ आली तर ते मला सहन होणार नाही.

उंबरठा:
बरोबर प्रश्न विचारलात, आणि इथेच बऱ्याच चांगल्या मनाच्या ग्रुपची गाडी अडते. एकदाच मिळणारा पैसा भाड्यात घालू नका. तो डिपॉझिट, पहिल्या काही महिन्यांचं भाडं, पलंग, भांडी, पडदे, घरमालकांसाठीचा राखीव निधी आणि केस मॅनेजरचा पगार यासाठी वापरा. दर महिन्याचं भाडं दरवर्षी येणाऱ्या पैशातूनच यायला हवं, त्या माणसाची पेन्शन किंवा अपंगत्वाचा भत्ता, सरकारी भाडेमदत, त्याची स्वतःची कमाई. म्हणून पहिलं काम कागदपत्रांचं, ओळखपत्र आणि जन्माचा दाखला नसल्यामुळे हक्काचे पैसे अडकलेले असतात आणि ते मिळवून देण्यात महिनोन्महिने जातात. ज्याचं हे मार्गी लागलंय आणि प्रकृती पण बिघडलेली आहे त्याच्यापासून सुरुवात करा. काहींना कधीच पूर्ण भाडं झेपणार नाही, त्यांच्यासाठी शहराशी किंवा सरकारी खात्याशी लेखी करार झाल्याशिवाय घर घेऊ नका.

माणूसबळाचा हिशेब पण आत्ताच करा. कॅनडाच्या त्या प्रयोगात जास्त आजारी लोकांसाठी साधारण दहा जणांमागे एक कर्मचारी होता आणि बाकीच्यांसाठी वीस जणांमागे एक पर्यंत. एकटा केस मॅनेजर चाळीस घरं बघतोय असं झालं की घरं जायला लागतात, हे मी जवळून बघितलंय.

आणि ग्रुपमधली जी मंडळी हॉलसाठी आग्रही आहेत त्यांना तोडू नका. आणीबाणीच्या थोड्या खाटा त्यांच्याकडे द्या, तिथे आलेल्या प्रत्येकाचं नाव यादीत जाईल एवढं ठरवून घ्या. ठरवायच्या मीटिंगला जे स्वतः रस्त्यावर राहिलेत असे दोघं तिघं बोलवा, कुठला घरमालक चांगला आणि कुठल्या भागात राहायला नको हे त्यांनाच जास्त कळतं.

सडेतोड:
लेखी कराराचा मुद्दा पटला. वाटसरू, हिशेबाचं काम असेल तर मला मेसेज करा, निधीचं पाच वर्षांचं कोष्टक बनवून देतो, म्हणजे कितीजणांना शब्द देता येईल ते मीटिंगच्या आधीच दिसेल.

वाटसरू:
नक्की करतो मेसेज. येत्या मीटिंगमधे हॉल की घर हा विषय बाजूला ठेवून आधी यादी आणि कागदपत्रांचं मांडतो, पहाटे बाहेर पडायला कोण कोण तयार आहे ते पण विचारतो. जे ठरेल ते इथे लिहीन.